वरची दोन बोटं

"चार बोटं," बाबा दारातूनच म्हणाले. "दोन नाही. चार."

ट्रेसमोर उकिडव्या बसलेल्या लेकीने मान वर केली नाही. तिने हात आडवा धरून रेतीचा थर मोजला. बरोबर दोन बोटं. औषधाच्या दुकानात सात वर्षं काढल्यावर तिचा मापावर फार विश्वास बसला होता.

"जास्त म्हणजे चांगलं असं नसतं, बाबा. गोळ्यांचंही तसंच असतं."

"गोळ्या उकरून झाकायच्या नसतात," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं मी भिंतींना गिलावा केलाय. थर पातळ राहिला की पहिल्या ओलीलाच पोपडे निघतात. आणि वापरणाऱ्याला विचारलंस का?"

वापरणारा म्हणजे मुकादम, घरातला पांढरा बोका; ट्रे त्याच्या शी-शूचा. कुणीही काम करत असलं की हा बाजूला बसून नुसता बघत राहायचा, म्हणून ते नाव. आताही तो बघत होता. मग सावकाश ट्रेमध्ये उतरला आणि त्याने दोनदा पंजा मारला. प्लास्टिकवर नखं खर्रकन वाजली. उशिरा कामावर आलेल्या गड्याकडे बघावं तसं त्याने तिच्याकडे बघितलं.

"बघ, तळ लागला. अपमान झाला त्याचा!" बाबांना कोण आनंद.

"हसा तुम्ही. मी संध्याकाळी परत येईपर्यंत ट्रेमध्ये चार बोटं झालेली असणार. रोजचंच आहे."

"असणार," बाबांनी छातीवर हात ठेवला. "गुन्हा कबूल आहे."

"सकाळी सकाळी कसल्या गप्पा मारता रे देवा," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "त्या ट्रेला मी बोटसुद्धा लावणार नाही, आधीच सांगून ठेवलंय."

काकू म्हणजे बाबांची दुसरी बायको. त्या घरात आल्या तेव्हा लेक बावीस वर्षांची होती. काय हाक मारावी ते सुचेना, म्हणून पहिल्या दिवशी ती काकू म्हणाली. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. कुणाची काही तक्रार नव्हती.

काकू बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या सपातेखाली काहीतरी कचकचलं.

"बघा! रेती पार माझ्या ओट्यापर्यंत आली."

बाबांनी त्यांना डोळा मारला. काकूंनी हातातलं फडकं त्यांच्यावर भिरकावलं. ते फरशीवर पडलं. बाबांनी आधी फडक्याकडे बघितलं, मग स्वतःच्या उजव्या गुडघ्याकडे, मग लेकीकडे.

"उचलते," ती म्हणाली. वाकलीच होती म्हणून तिने त्यांच्या बुटांच्या नाड्याही बांधून दिल्या.

"संध्याकाळी मोजणार आहे मी," ती निघताना म्हणाली.

"मोज. चारच निघतील."

चारच निघाली. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मुकादम मांडीवर होता. तो बराच वेळ खाली उतरला नाही.

पुढचे काही दिवस घर माणसांनी भरलं होतं, म्हणून बोक्याला शेजारी ठेवलं. मग माणसं गेली आणि दोघीच उरल्या. दोघी एकमेकींशी फार नीट वागत होत्या. मीठ हवं का, दिवा मालवू का, असं विचारून.

काकूंच्या भावाचा फोन आला. सोमवारी अकराला गाडी घेऊन येतो, आता आमच्याकडेच राहा.

"काय करू गं?" काकूंनी विचारलं.

नका जाऊ, एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्यांना कुठल्या नात्याने अडवायचं?

"तुम्हाला बरं वाटेल तसं करा," ती म्हणाली. दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी माळ्यावरून बॅग काढली.

रविवारी शेजारीणबाई मुकादमाला परत देऊन गेल्या. सोमवारी तिने मुद्दामच रजा घेतली नाही. दुकानात जाण्याआधी तिने ट्रे धुऊन पुसला, रेती ओतली आणि दोन बोटं मोजली. मग जराशी थांबली आणि पिशवी पुन्हा तिरकी केली. चार.

"घ्या," ती हळूच म्हणाली. "जिंकलात तुम्ही."

मुकादमाने उकरून बघितलं. नखं वाजली नाहीत.

दाराशी काकूंची बॅग उभी होती. "येते," ती म्हणाली. "जपून जा," काकू म्हणाल्या. जिन्याचे दोन मजले उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, दुकानाच्या किल्ल्या वरच राहिल्या होत्या.

दार नुसतंच लोटलेलं होतं. आत रेती सळसळत होती. प्रवासाची चांगली साडी नेसलेल्या काकू ट्रेसमोर गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांनी सवयीने रेती ओतून पिशवी आवरली आणि हात आडवा धरून रेतीत घातला. चारही बोटं गडप झाली, तरी तळ लागेना. "अगंबाई," त्या बोक्याला म्हणाल्या, "आज पोरीनेच चार घातली होती की काय?" मुकादमाने त्यांच्या मागे दाराकडे बघितलं, म्हणून त्याही वळल्या आणि चोरी पकडली गेल्यासारख्या लाल झाल्या. "त्यांचा गुडघा कुठे वाकायचा गं? मीच घालायचे. पण तुझं चुकतंय हे तुला सांगायला ते होते. मी कोण सांगणार?" लेकीला हसू फुटलं, रडूही फुटलं. किल्ल्या विसरून तीही फरशीवर बसली, आणि जास्तीची रेती ओंजळीने पिशवीत परत भरत म्हणाली, "तू गेलीस तर वरची दोन बोटं कोण घालणार, आई?"