गुडाखूची डबी

कोहक्याच्या शाळेत दातांच्या प्रकल्पाचा शेवटचा दिवस होता. घरी दात घासायला जे वापरता, ते आणून त्यावर लिहिलेलं वर्गात आलेल्या आयांसमोर वाचून दाखवा, असं मॅडमनी सांगितलं होतं. पोरांनी आणलेल्या पेस्टच्या ट्यूबांवर सारं इंग्रजी, सगळेच अडखळले. मग वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या विशाखानं गुडाखूची डबी काढली. आईचं तंबाखूचं काळं मंजन. मागून कोणीतरी हसलं, आईनं मान खाली घातली. डबीवर काय लिहिलंय, हे तिला आजवर कोणी वाचून दाखवलं नव्हतं. विशाखानं हिंदी अक्षरांवर बोट फिरवत वाचलं, “तंबाकू से कैंसर होता है.” “अजून एकडाव वाच बरं,” आई म्हणाली. या खेपेला आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. आई उठली. नळावर डबी रिकामी करून धुऊन आणली आणि लेकीच्या दप्तरात ठेवली. “घासाले नाही लागत आता. तू वाचाले ठेव.”