हिरवी खूण

न्यामिझी बाई गेल्याची बातमी सरोवराकाठच्या म्वांझा शहरातल्या शाळेत सकाळी पोचली. नव्याने वेबपानं बनवायला शिकणाऱ्या मुलांचा पाचवा स्वाध्याय पाठवायचा तोच शेवटचा दिवस होता. संध्याकाळनंतर गुण बदलत नसत.

दुपार कलल्यावर मबुला सर बाईंच्या अंगणात आले. चटयांवर माणसं बसली होती. बाईंचा नवरा मसालू भिंतीला टेकून होता.

"भावोजी, ही वेळ नाही," सर खाली बसत म्हणाले. "पण बाईंनी केलेली ती आपोआप तपासणी बिघडलीय. अख्ख्या वर्गाला शून्य. पासवर्ड त्यांच्याकडेच होता. पोरांचं वर्ष जाईल."

"तिने केलेलं बिघडत नाही," मसालू म्हणाला.

वर्गातली मुलं कडेला फोनमध्ये माना घालून बसली होती. त्याने शिजाला हाक मारली. ती नेहमी पहिली यायची.

"तुलाही शून्य?"

"हो, काका."

"येत नाही तुला?"

"येतं." ती जरा थांबली. "पान बरोबर असलं की नुसती हिरवी खूण येते. चुकलं तरच बाई बोलतात."



"वाच," मसालू म्हणाला.

शिजाने फोन वर धरून शून्याखालची ओळ वाचली. "'बटण ठेवलंत, पण ते झोपलंय. दाबून दाबून माझं बोट दुखलं.'"

मागून एका मुलाने वाचलं, "'चौकट टांगली, फोटो विसरला. पाहुण्यांनी भिंत बघायची का?'"

तिसऱ्याने वाचलं, "'उघडलेला टॅग बंद करा. घराचं दारही असंच टाकून येता?'"

चुलीपाशी मक्याच्या पिठाची उगाली घोटणारी मसालूची आत्या हसली आणि तिने अंगावर गुंडाळलेल्या कांगाचा पदर तोंडावर धरला. "अशीच बोलायची. माझ्या उगालीलाही सोडलं नाही तिने."

मसालूने सगळ्यांना वाचू दिलं. कुणाचीच चूक दुसऱ्यासारखी नव्हती. पोरांनी चुका वाटून घेतल्या होत्या.

"झालं?" तो म्हणाला. "आता नीट करून पाठवा. तुम्ही नापास झालात तर ती मला बोलेल."

एकेका फोनवर हिरवी खूण येत गेली. सरोवरावरून वारा सुटला होता.

सर उठले. मसालू तसाच बसून राहिला. मग त्याने शिजाला विचारलं, "सहावा कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात, काका. पण पाठवता येतो."

"पाठव. चुकीचा."

शिजाने कोरं पान पाठवलं आणि फोन त्याच्या हातात दिला. शून्य आलं. शून्याखालची जागा रिकामी होती. मसालूने वर-खाली करून पाहिलं.

सहाव्या स्वाध्यायात चुकणाऱ्यांना काय बोलायचं, ते न्यामिझीचं लिहायचं राहिलं होतं.