वक्त्यांचा परिचय

सूत्रसंचालन करणाऱ्या स्वप्नालीने चिठ्ठी पुढे सरकवली तेव्हा सदानंदला माइकपाशी उभं राहून बावीस मिनिटं झाली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'काका, परिचय फक्त दोन मिनिटं.' त्याने ती वाचली, घडी घातली आणि खिशात टाकली.

परिचय करून द्यायचा होता सुजीतचा. दुबईत ऊद मेथातल्या हॉलमध्ये मराठी मंडळाचं वार्षिक व्याख्यान, विषय तेराव्या शतकातला जर्मन सम्राट दुसरा फ्रेडरिक, वक्ता सुजीत. अबू धाबीला अल रीम बेटावर राहणारा, या देशात येऊन पुरती तीन वर्षं न झालेला. आणि सम्राट कोणाचा? सदानंदचा. जबल अली बंदराच्या गोदामात सुपरवायझरकी करत, कंपनीच्या बसमध्ये जाता-येता पुस्तकं वाचून, अकरा वर्षांत त्याने तो माणूस पाठ केला होता. मंडळात त्यावर बोललाही होता, एकोणीस जणांपुढे. त्यातले निम्मे बटाटेवड्यांसाठी थांबलेले. सुजीतने आठ मिनिटांचा व्हिडिओ टाकला आणि चाळीस हजार लोकांनी तो बघितला. आयत्या बिळावर नागोबा. सदानंदच्या पोटात दुखत होतं, आणि ते त्याचं त्याला कळतही होतं.

वर मंडळाने त्यालाच सांगितलं, "काका, विषयातले जाणकार तुम्ही. परिचय तुम्हीच करून द्या."

म्हणून तो देत होता. सुजीतचं गाव, शिक्षण, नोकरी एका वाक्यात उरकून तो सम्राटाकडे वळला, तो वळलाच. चौथ्या वर्षी पोरकं झालेलं पोर. अरबी जाणणारा राजा. पोपने धर्माबाहेर काढलं तरी जेरुसलेमला गेला आणि लढाई न करता, सुलतानाशी नुसती बोलणी करून शहर मिळवलं. मुकुट घालायला पाद्री पुढे येईना, तर स्वतःच उचलून डोक्यावर ठेवला. "ससाण्याच्या डोळ्यांवर टोपी घालतात ना, ती रीतसुद्धा त्याने अरबांकडूनच उचलली," सदानंद म्हणाला, आणि लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत सुजीतच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. सदानंद एकेक स्लाइड खलास करत गेला आणि सम्राटाला मरण देऊनच खाली उतरला.

टाळ्या झाल्या. तो बायकोशेजारी येऊन बसला. विभावरीने टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"झालं समाधान?" ती हळूच म्हणाली.

सुजीत उठला. लॅपटॉप त्याने खुर्चीवरच मिटून ठेवला. "काकांनी मला काही शिल्लक ठेवलं नाही," तो म्हणाला. लोक हसले. "एकच माणूस राहिलाय. सम्राटाचा थोरला मुलगा, हेन्री."

आणि हातात कागदही न घेता तो बोलायला लागला. नऊ वर्षांच्या पोराला बापाने जर्मनीचा राजा केलं आणि स्वतः दूर इटलीला निघून गेला. पोरगा मोठा झाला, आपल्या मनाने राज्य करू लागला. बापाला ते सोसेना. शेवटी पोराने बंड केलं. बाप आला, तेव्हा तो पायांवर पडला. बापाने त्याला उठवून कैदेत टाकलं. एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात नेताना पोराने घोडा कड्यावरून खाली घातला, असं म्हणतात.

हॉलमध्ये कोणी मोबाइल बघत नव्हतं. सदानंदने आपल्या त्या जुन्या व्याख्यानात हा मुलगा दोन वाक्यांत उडवला होता. हे बोलणं आपलं असायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

सुजीत मध्येच अडला. "कैदेत तो किती वर्षं होता... सहा की सात?" त्याने पहिल्या रांगेकडे बघितलं. "काका, तुम्हाला माहीत असणार."

सगळ्या माना वळल्या. सदानंदला साल, महिना, किल्ल्यांची नावंसुद्धा पाठ होती.

"लक्षात नाही," तो म्हणाला.

अकरा वर्षं जेवताना सम्राट ऐकत आलेल्या विभावरीने नवऱ्याकडे बघितलंही नाही.

"सात," ती सुजीतला म्हणाली. "आणि पोरगा मेल्यावर बाप रडला, तेही सांग."