पाच पायऱ्या

गुडगावला आल्यापासून विनया आठ वर्षांच्या मयुराला पाठुंगळी घेऊन शाळेच्या पाच पायऱ्या चढायची आणि व्हीलचेअर वर आणायला वॉचमनची मनधरणी करायची. रॅम्पचा विषय काढला की प्रिन्सिपल म्हणायच्या, एका मुलीसाठी पायऱ्या कशा फोडायच्या? पालकसभेतही तिच्या बाजूने एकानेही हात वर केला नाही. नगरसेवक तेवढे गोड बोलायचे, “बिल्कुल हो जाएगा, भाभीजी.”

मतदानाच्या दिवशी ती त्याच शाळेत मत द्यायला गेली, तर पायऱ्यांवर चांगला कठड्यासकट लाकडी रॅम्प. एक आजोबा व्हीलचेअरवरून थेट बूथपर्यंत गेले. घरी येऊन तिने लेकीला सांगितलं, “उद्या तू तुझी तुझी वर जायचंस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी फाटकाशी पोचल्या, तेव्हा माणसं रॅम्प टेम्पोत चढवत होती.

“चुनाव हो गया, मॅडम,” त्यांतला एक म्हणाला. “ये तो वोटरों के लिए था.”

विनया लेकीसमोर पाठ करून वाकली.

तिसऱ्या पायरीवर मयुराने तिच्या कानाशी विचारलं, “आई, मला अठरा वर्षं कधी पूर्ण होणार?”