दुसरा कप

"ताई, खरं सांग, तुझ्याबरोबर फिरायला कोण असतं गं?"

दिशाने व्हिडिओ कॉलवर एका दमात विचारून टाकलं. फोनच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने पलंगावर दडलेल्या रसिका आणि सान्वीने एकमेकींच्या तोंडावर हात दाबले. पैज हीच होती. विचारलं तर दिशा वाघीण. नाही विचारलं तर दहावी संपेपर्यंत भित्री भागूबाई.

पुरावा रसिकाने शोधलेला. दिशाची मोठी बहीण नयन चित्रकला शिकायला बुडापेस्टला गेली, त्याला पाच महिने झालेले. दर रविवारी तिच्या भटकंतीचे फोटो घरच्या ग्रुपवर येऊन पडायचे. नदीवरचा पूल, पिवळी ट्राम, म्युझियमच्या पायऱ्या, बर्फाने भरलेलं बाक. शेवटचा फोटो ठरलेला, कॉफीचा. आणि टेबलावर दर वेळी दोन कप! रसिकाने झूम करकरून दाखवले होते. "दोन कप म्हणजे दोन माणसं. जिजू आहेत, लिहून घे."

तिकडे दुपारचा एक वाजला होता, तरी नयनच्या मागे दिवा लागलेला.

"कोणी नाही गं," ती म्हणाली.

"चल, हट! दोन कप असतात. बघितलेत आम्ही."

"आम्ही कोण?"

"म्हणजे… मीच."

नयन हसली. हसू गालापर्यंतच आलं. "दुसरा कप शेजारच्या टेबलावरचा असतो. लोक पिऊन उठले की वेटर यायच्या आत मी तो माझ्याकडे ओढून घेते. मम्मी सारखी विचारते ना, एकटीच फिरतेस का गो, म्हणून."

सान्वीने रसिकाच्या तोंडावरचा हात काढला. आता दाबायला काही उरलं नव्हतं.

"आणि कॉलेजमधली मुलं?" दिशाने विचारलं. हे काही पैजेत नव्हतं.

"चांगली आहेत. स्टुडिओत बाराजण असतो आम्ही. चित्र काढताना कोणी बोलत नाही. नंतर सगळे मिळून कुठेतरी जातात, त्यांच्या भाषेत हसत. सर बोलतात माझ्याशी, पण चित्राबद्दल. म्युझियमचा गार्ड आहे एक म्हातारा. तो मला बघितलं की मान हलवतो. मग मी दर रविवारी तिथेच जाते."

"मग घरी ये ना यार!"

"रोज वाटतं." नयनने कॅमेऱ्यावरून नजर काढली. "पण येऊ कशी? पप्पांनी तेवढा मोठा बॅनर लावलाय. त्याच्याखालूनच घरात शिरायचं ना? मम्मीला काही बोलू नकोस हं. चल, ठेवते, बॅटरी संपतेय."

तिच्या खांद्याजवळून चार्जरची वायर गेलेली दिशाला स्वच्छ दिसत होती.

रसिका "सॉरी यार" म्हणाली आणि चपला घालून निघाली. तिच्या मागोमाग सान्वीही. वाघीण कोणी म्हटलं नाही.

बॅनर दिशाच्या खोलीतूनही दिसायचा, म्हणजे त्याची पाठ दिसायची. नयनच्या निवडीनंतर कोलशेतमध्ये असे चार बॅनर लागले होते. तीन महापालिकेने उतरवले. चौथा पप्पांनी स्वतःच्याच बिल्डिंगच्या गच्चीवरून खाली सोडून तारेने आवळून बांधलेला, तो कोण काढणार? 'परदेशात चित्रकला शिकणारी कोलशेतची पहिली कन्या.' मधोमध नयन, खाली शुभेच्छुक म्हणून काका, मामा आणि मित्रमंडळातले एकवीस चेहरे. उन्हाने नयनचा चेहरा पांढरा पडला होता. शुभेच्छुक सावलीत होते, ते अजून ताजेतवाने.

दिशा हॉलमध्ये आली तेव्हा काळुराम, म्हणजे तिचे पप्पा, फोन कानाला लावून बॅनरवाल्या पोपटशी बोलत उभे होते. "थांब रे पोपट, पोरगी आली." मग तिच्याकडे वळून, "दिशा, ताईचा एक झकास फोटो शोधून काढ बघू. शुक्रवारी वाढदिवस तिचा. ह्या वेळेला डबल साइज करायचाय. मागे तो पूल पायजे, नि पुढे आपली नयन."

दिशाने ग्रुप उघडला. पूल होता. ट्राम होती. बाक होतं. तिने अंगठ्याने वर, आणखी वर, पाच महिने मागे सरकवलं. नयन कुठेच नव्हती.

"ह्यात ताई नाहीये, पप्पा."

"असं कसं? फिरते तर एवढी!"

दिशाची आई जया चहा घेऊन आली. लेकीच्या खांद्यावरून तिने फोनमध्ये डोकावलं आणि तिथल्याच एका फोटोवर बोट ठेवलं. "हा दे गो, कॉफीचा. समोर मैत्रीण बसलीय वाटतं तिची. मला हाच आवडतो. बघितला की रात्री झोप लागते."

दिशाने आईकडे बघितलं. मग फोन उलटा करून टेबलावर ठेवला. टीव्हीखालचा ड्रॉवर उघडला, आतली पक्कड उचलली आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली.

"पप्पा, पोपटकाकांना नको म्हणून सांगा. मी गच्चीवर चाललेय, ताईचा बॅनर उतरवायला. तिला घरी यायचंय."