बुक्क्याची जागा

विश्रांतवाडीत रावसाहेबांच्या घरी रोज संध्याकाळी भजनाचे टाळ वाजले, की त्यांचा काळा कुत्रा बुक्का मान वर करून गळा काढायचा. “मागच्या जन्मीचा कीर्तनकार हो!” म्हणत मंडळी त्याला गंध लावायची आणि रावसाहेब कौतुकाने त्याला पुढ्यात बसवायचे. आज डॉक्टरांनी त्याला तपासलं. “काका, कान आतून सुजलेत. मोठ्या आवाजाला जांभया देतो का?” “भजनात देतो की. आम्हांला वाटायचं, तल्लीन होतो.” “‘पुरे करा’ म्हणत होता तो.” “मग उठून का नाही गेला?” “तुम्ही ‘बस’ म्हणायचात ना?” घरी कानात औषध घातल्यावर बुक्का आत झोपला. रावसाहेबांनी टाळ कायमचे फडक्यात गुंडाळायला घेतले. एकावर एक ठेवताना टाळ किणकिणले. बुक्का उठला, हळूहळू येऊन आपल्या जागेवर बसला. त्याने एक जांभई दिली आणि शहाण्यासारखी मान वर केली.