नवऱ्याची नजर

डॉक्टरीणबाईंनी स्कॅनचा रिपोर्ट खाली ठेवला आणि चष्मा काढला.

"स्वच्छ आहे, सगुणाताई. कुठंही काही नाही."

सगुणाने पदर सारखा केला. पदराआड पोटाला लावलेली लघवीची पिशवी आता सवयीची झाली होती. कर्करोग मूत्राशयाच्या भिंतीत खोल शिरला होता. आधी केमो झाली, मग मुंबईला ऑपरेशन करून मूत्राशयच काढलं. त्याला आता दोन वर्षं होत आली.

शेजारी तिची जाऊ नूतन डोळे पुसत होती. सगुणाचा नवरा कमळाकर मात्र खिडकीतून रोह्याचा रस्ता बघत बसला होता.

"खरं श्रेय यांचं," डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या. "तुम्हाला दुखत नव्हतं, लघवी लाल दिसत नव्हती. तरी हे तुम्हाला घेऊन आले आणि लघवी तपासाच म्हणून हटून बसले. आणखी थोडे महिने गेले असते तर रोग बाहेर पसरला असता. कसं ओळखलंत हो?"

"वाटलं आपलं," कमळाकर पुटपुटला.

"नजर असते त्यांची माझ्यावर," सगुणा म्हणाली.

बाहेर टपरीवर तिघं चहाला थांबली. नूतनला मिठागरातले दिवस आठवले. दोघी जावा उन्हात मीठ ओढायच्या. आडोसा नसायचा, म्हणून दिवसभर पाण्याला तोंड लावायच्या नाहीत. संध्याकाळी ओटीपोट ठणकायचं. बाईला काय होतंय, हे तेव्हा कोण विचारणार?

"तुम्ही बघितलंत, भावजी," ती म्हणाली. "आमच्या यांना मी तापानं फणफणले तरी जेवताना कळतं. ते पण भाकरी करपली म्हणून."

सगुणा खुदकन हसली.

"आणि दिवस तरी कसले? त्याच आठवड्यात कंपनीनं तुम्हाला मेडिकलला नापास केलेलं. गेटपास गेला. काय निघालं ते पण धड सांगितलं नाय तुम्ही. दुसरा असता तर डोकं धरून घरात बसला असता. तुम्ही बायकोला घेऊन दवाखाना गाठलात."

कमळाकर टपरीवाल्याकडे वळला. "माझा बिनसाखरेचा हां."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कंपनीचा ठेकेदार जितेश होता. कमळाकर बाजूला जाऊन बोलला. परत आला तेव्हा चेहरा उजळला होता.

"शिफ्टला परत बोलावलंय. मेडिकल तेवढं नव्यानं करायचं."

"बघ गो, सगळं कसं एकाच दिवशी सुधारलं," नूतन म्हणाली, आणि पेणची एसटी लागली का ते बघायला पुढं गेली.

ती लांब गेलेली बघून सगुणाने ग्लास खाली ठेवला.

"अवो," ती हळूच म्हणाली, "या खेपेला मेडिकलच्या बाटलीत तुमचीच लघवी द्या. साखर निघाली तर निघू दे."